विंडोज १० चा १४ ऑक्टोबरला बारावा घालायचा का? (फोंड्यातला छापखाना, चार मशीनं)

छापखान्याची_सून
२ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. चवथीची फळाफुलांची माटोळी उतरवली आणि लगेच हा विषय घेऊन बसले आहे, कारण परवा आमचा कॉम्प्युटरवाला येऊन पोटात गोळा आणून गेला. म्हणाला, १४ ऑक्टोबरला विंडोज १० बंद, तुमची सगळी मशीनं बाद, चार नवी घ्या, २ लाख ८ हजारांत बसवून देतो. मी विचारलं, बंद म्हणजे काय, बटण दाबलं तर सुरूच होणार नाही? तो म्हणाला, "तसंच समजा." 'तसंच समजा' म्हणणाऱ्या माणसाकडून मी आजवर पापडसुद्धा घेतलेले नाहीत, म्हणून इथे विचारते.

फोंड्याला वरच्या बाजारात आमचा छापखाना आहे. सासऱ्यांनी खिळे जुळवून सुरू केला. आता एक मिनी ऑफसेट, एक ए-थ्री लेझर आणि मी. नवरा मशीनवर असतो. कॉम्प्युटर आणि उधारीवसुली माझ्याकडे. कामं म्हणजे देवस्थानांची पावतीपुस्तकं, जत्रेची आणि नवरात्रातल्या मखरोत्सवाची पत्रकं, बिलबुकं, आणि तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नपत्रिका. नोव्हेंबर ते मे हेच आमचं पीक. म्हणजे ही तारीख बरोबर पेरणीच्या तोंडावर आली आहे.

काउंटरवरच्या मशीनवर टॅली आणि जीएसटीची बिलं. २०१८ साली घेतलेलं, आय-थ्री सातव्या पिढीचं. विंडोज ११ बसेल का ते सांगणारं पीसी हेल्थ चेक चालवलं तर म्हणतं प्रोसेसर चालणार नाही. दुसरं डिझाइनचं, आय-फाइव्ह आठव्या पिढीचं. तिथे प्रोसेसरला हिरवी खूण, पण टीपीएम नावाची सुरक्षेची चिप सापडत नाही म्हणून लाल. एवढ्या पैशांचं मशीन आणि त्यात एक चिप घालायला विसरले? तिसरं खूप जुनं, चौथ्या पिढीचं. त्याचं काम एकच: लेझरवर ट्रेसिंग काढणं, ज्यावरून प्लेट होते. लेझरचा ड्रायव्हर फक्त त्याच्यावरच बसला, म्हणून ते अजून आहे.

चौथं विंडोज एक्सपीचं आहे. त्याची काळजी नाही. तो २०१४ सालीच वारला, आम्ही फक्त अजून अग्नी दिलेला नाही. त्यावर पानं जुळवायचा पेजमेकर, जुना मराठी फॉन्ट आणि मागे पॅरलल पोर्टला लावलेलं डाँगल, म्हणजे ज्याच्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती चावी. आमचे कंपोझिटर मामा त्याच्याशिवाय कशावरही बोट टेकवत नाहीत. सासऱ्यांच्या वेळचे आहेत, मी त्यांना सांगणारी कोण.

तर खरोखर १४ तारखेला काय होतं? चारही मशीनं घ्यावी लागतील का? आणि टॅली इकडची तिकडे नेताना काही हरवतं का? साध्या भाषेत सांगा, मी कॉमर्सची आहे.


सर्व्हिस_पणजी
२ सप्टेंबर

वहिनी, मशीन १५ तारखेला सकाळी नेहमीसारखं सुरू होणार. बंद होणार ते फुकटचे सुरक्षा अपडेट. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला, दहा वर्षं दर महिन्याला ठिगळं मिळत गेली. १४ ऑक्टोबरनंतर कुठे भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही, एवढाच अर्थ. पण भोकं सापडायची थांबत नाहीत, आणि शोधणाऱ्यांना तारीख आपल्याआधी ठाऊक असते.

डिझाइनच्या मशीनमध्ये चिप विसरलेले नाहीत. आठव्या पिढीच्या इंटेलमध्ये टीपीएमचं काम प्रोसेसरच्या आतच होतं, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, त्याला 'पीटीटी' म्हणतात आणि बरेचदा ते बंद करूनच मशीन विकलेलं असतं. बायोसमध्ये जाऊन ते चालू करा, परत हेल्थ चेक लावा. एएमडीवाल्यांनी 'एफटीपीएम' शोधावं. मग बहुतेक पुढची अडचण येईल ती सिक्युअर बूटची, म्हणजे सुरू होताना विंडोज खरं आहे का तपासणाऱ्या सोयीची, कारण त्या काळात लोक डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने बनवून विंडोज टाकत. त्यासाठी विंडोजमध्येच 'एमबीआर टू जीपीटी' नावाची कमांड आहे, डिस्क न पुसता नव्या जीपीटी पद्धतीत रूपांतर करते. आधी तपासणीपुरती चालवा, ती 'ठीक' म्हणाली तरच पुढे. आणि त्याच्याही आधी बॅकअप. मी एकदा बॅकअप न घेता एका कळंगुटच्या गेस्ट हाउसचं असंच करायला गेलो होतो, त्या दिवशीचं जेवण अजून घशात आहे.

काउंटरचं सातव्या पिढीचं मशीन यादीत बसत नाही. रजिस्ट्रीत काहीतरी बदलून विंडोज ११ चढवायचे व्हिडिओ तुम्हाला दिसतील. घरच्या मशीनवर खेळा. ज्याच्यावर जीएसटी भरता त्याच्यावर नको, पुढचे अपडेट येतील याची हमी कोणी देत नाही.

पैसे देऊन अपडेट चालू ठेवायची सोय आहे. घरगुती वापरासाठी वर्षाला ३० डॉलर, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पण धंद्याच्या मशीनसाठी दर वेगळा: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, आणि दर वर्षी दुप्पट. ६१, मग १२२, मग २४४. तिन्ही वर्षांचे ४२७ झाले. दुसऱ्या वर्षी जागे झालात तर पहिल्याचेही भरावे लागतात. हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल.

एक गोष्ट कोणी सांगत नाही: ऑफिस २०१६ आणि २०१९ चीही मुदत त्याच दिवशी संपते. कोटेशन एक्सेलमध्ये करत असाल तर तेही बघा.


पेंग्विन_म्हापसा
२ सप्टेंबर

विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. फुकट. विषय संपला.


छापखान्याची_सून
२ सप्टेंबर

टॅली चालेल?


पेंग्विन_म्हापसा
२ सप्टेंबर

वाइनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रयत्न करून बघता येईल.


छापखान्याची_सून
२ सप्टेंबर

वाइन दुकानात चालत नाही, सासरे माळकरी होते. 🙂 ए-थ्री लेझर?


पेंग्विन_म्हापसा
३ सप्टेंबर

मॉडेल काय आहे? ...बरं. राहू दे.


हिशेबनीस_बार्देस
३ सप्टेंबर

ताई, मी म्हापशात अकाउंटिंगचं काम करते, चौदा-पंधरा छोटे व्यापारी आहेत. २०२० च्या जानेवारीत विंडोज ७ ची मुदत संपली तेव्हा यातल्या एकाने ठरवलं, चालतंय ना, चालू दे. आणि खरंच तीन वर्षं चाललं. मग २०२३ च्या सुरुवातीला क्रोमने विंडोज ७ सोडलं, १०९ हा शेवटचा. त्यानंतर एकेक साइट रुसायला लागली. एके दिवशी बँकेचं पान उघडेना, पुढच्या महिन्यात डिजिटल सहीचं टोकन ओळखेना. शेवटी त्याने मशीन बदललं ते २० तारखेला संध्याकाळी, जीएसटीचं थ्री-बी विवरण भरायच्या शेवटच्या दिवशी, माझ्याच टेबलावर बसून. मशीन मरत नाही हो. आजूबाजूचे त्याच्याशी बोलणं सोडतात.

म्हणून माझा सल्ला फक्त तारखांचा. ११ ला जीएसटीआर-१, २० ला थ्री-बी, आणि सप्टेंबरभर ऑडिटचा डोंगर. या तारखांच्या आगेमागे दोन दिवस मशीनला हात लावू नका. १४ ते १७ मधला रविवार धरा. टॅलीचं तसं सोपं आहे: टॅलीतूनच बॅकअप घ्या, डेटाचं अख्खं फोल्डर वेगळं कॉपी करा, जुन्या मशीनवरून लायसन्स सरेंडर करा, नव्यावर टॅली टाकून लायसन्स चालू करा, बॅकअप रिस्टोअर करा. मग दोन्ही मशीनं शेजारी ठेवून मार्चअखेरची ट्रायल बॅलन्स पडताळा. पै न् पै जुळली की मगच जुनं मशीन बंद. सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि पासवर्ड आधीच शोधून ठेवा. तो पासवर्ड कोणालाच आठवत नसतो.


खिळेमास्तर
३ सप्टेंबर

बाय, वरची मंडळी बरोबरच सांगतात, पण सगळे जिवंत माणसांच्या खाटेशी बसलेत. तुझं खरं दुखणं चौथं मशीन आहे, आणि त्याची काळजी नाही म्हणतेस.

मी डिचोलीला बावीस वर्षं डीटीपी केलं. आता हात कापतात म्हणून सोडलं. मला तीन गोष्टी सांग. त्या एक्सपीवर देवस्थानांच्या किती फाइली आहेत? त्यांची दुसरी प्रत कुठे आहे? आणि ते मशीन लॅनच्या केबलला जोडलेलं आहे का?


छापखान्याची_सून
३ सप्टेंबर

मोजल्या. चार हजारांवर. दुसरी प्रत नाही. हो, केबल लावलेली आहे, कारण मामा फाइल शेअर फोल्डरमध्ये टाकतात आणि मी तिसऱ्या मशीनवरून ट्रेसिंग काढते. आता लिहिताना माझ्याच लक्षात येतंय. आणि मास्तर, ती डिस्क अधूनमधून टिक-टिक करते. मला वाटायचं पंखा असेल.


खिळेमास्तर
३ सप्टेंबर

पंखा टिक-टिक करत नाही, घूं करतो. मशीन आत्ता बंद कर. उद्या सकाळी मामांना चहा दे आणि सुट्टी दे.

केबलचं सांगतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा. तो ज्या वाटेने घुसला ती ही शेअर फोल्डरचीच वाट, जुनी एसएमबी पहिली आवृत्ती. त्यावरचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी लावलं नाही त्यांच्यावर बेतलं. एक्सपीला तीन वर्षं आधीच रामराम झालेला, तरी त्यांनी तेव्हा त्याच्यासाठीही खास ठिगळ काढलं. इतकं ते गंभीर होतं. तुझ्या मशीनवर ते बसलंय का, हे तुला ठाऊक नसणार. आणि विंडोज ११ ही जुनी वाट मुळात बंदच ठेवतं, त्यामुळे नवं मशीन आणलंस की मामांचं फोल्डर दिसणारच नाही. मग तो कॉम्प्युटरवाला ती वाट उघडून देईल आणि तू खूश होशील. ते करू देऊ नकोस.

आता डिस्क. ऐंशी जीबीची असेल, रुंद पट्टीच्या केबलची. ती बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या मशीनला लाव आणि फाइली उघडत बसू नकोस. जितकी फिरेल तितकी मरेल. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची. 'डीडीरेस्क्यू' म्हणून आहे, खराब जागा ओलांडून आधी चांगलं उचलतं, मग मागे वळून राहिलेलं टिपतं. पणजीवाले करून देतील. पुढचं सगळं काम प्रतीवर.

मग फॉन्टचं. जुन्या फॉन्टमध्ये मराठी मुळात मराठी नसतंच. आत इंग्रजीची अक्षरं असतात, वर देवनागरीचा मुखवटा. मुखवटा काढला की उरतं काय ते तू कधीतरी ईमेलमध्ये पाहिलं असशील. डाँगलचा ड्रायव्हर ३२ बिटांचा. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत मिळतं, त्यावर तो बसायचा नाही. पेजमेकरच्या फाइली त्याच्या जागी आलेलं इनडिझाइन उघडायचं, पण सीएस-६ पर्यंतच, पुढच्यांनी ती सोय काढून टाकली. म्हणजे तुझ्या चार हजार फाइलींना दार एकच आहे आणि ते दार टिक-टिक करतंय.

म्हणून एक्सपी चालतोय तोवर त्याच्यावरूनच प्रत्येक तयार कामाची पीडीएफ काढ. रूप तरी वाचेल. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, नेणं हे वेगळं काम. सगळं करू नकोस, दरवर्षी परत येणारी पत्रकं आधी. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर मामांना बसव. रफार कुठे जातो ते बघ म्हणावं, आणि पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टात वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मागून, युनिकोडात उलट. ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, तेही बघ. हिंदी वळणाचा ल घातलेली पत्रिका माझ्या हातून एकदा गेली होती, गिऱ्हाइकाला कळलं नाही, मला कळलं.


सर्व्हिस_पणजी
४ सप्टेंबर

मास्तरांना दंडवत. डिस्क घेऊन या वहिनी, रात्री लावून ठेवतो.

आणि तिसऱ्या मशीनबद्दल: त्या लेझरला पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरच्या भाषा समजत असतील, तर त्याचा खास ड्रायव्हर नसला तरी साधारण ड्रायव्हरवर भागतं. तसं झालं तर प्रिंटर डिझाइनच्या मशीनला जोडा आणि तिसरं काढूनच टाका. काउंटरसाठी कंपन्यांमधून परत आलेली आठव्या-नवव्या पिढीची मशीनं वीस हजारांच्या आत मिळतात. त्या ४२७ डॉलरच्या जवळजवळ निम्म्यात.


छापखान्याची_सून
२१ सप्टेंबर

आज सर्वपित्री, दुकान अर्धा दिवस, म्हणून सविस्तर लिहिते. उद्या घटस्थापना, आणि उद्यापासूनच जीएसटीचे नवे दर. सगळं एकाच दिवशी का असतं देव जाणे.

डिझाइनच्या मशीनमध्ये पीटीटी बंदच होतं. बायोसमध्ये एक ओळ, 'डिसेबल्ड' चं 'एनेबल्ड' केलं. या एका ओळीसाठी तो मला ५२ हजारांचं मशीन देणार होता. डिस्कचं रूपांतर पणजीवाल्या भावांनी समोर बसून केलं, विंडोज ११ बसलं. लेझर पीसीएलवर बोलला. पहिली ट्रेसिंग आली ती दोन मिलिमीटर खाली सरकून, ते सेटिंगमध्ये निस्तरलं. तिसरं मशीन आता स्टूल म्हणून चांगलं आहे.

काउंटरला १९,५०० चं वापरलेलं मशीन घेतलं. टॅली गेल्या रविवारी हलवली. ट्रायल बॅलन्स पहिल्या फटक्यात जुळली नाही, चारशे रुपयांचा फरक, आणि हिशेबनीस ताई, तो कॉम्प्युटरचा नव्हता. बॅकअप घेतल्यानंतर नवऱ्याने जुन्यावर एक पावती फाडली होती. टोकनचा पासवर्ड डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेला सापडला, सासऱ्यांच्या अक्षरात.

डिस्कला अकरा तास लागले. थोडीशी जागा वाचलीच नाही, पण त्यात नऊ फाइली गेल्या, सगळी बिलबुकं. देवाने देवाचं राखलं. प्रतीच्या दोन डिस्का केल्या, एक दुकानात, एक घरी तांदळाच्या डब्याच्या वरच्या फळीवर. एक्सपीची लॅनची केबल मी स्वतः काढली आणि मामांच्या समोर गुंडाळून ठेवली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारलं, "आता फाइल तुला कशी देऊ, कागदावर?" एकच पेनड्राइव्ह ठरवला आहे, लाल दोरा बांधलेला, तो गिऱ्हाइकाच्या मशीनला लावायचा नाही.

मग मखरोत्सवाचं पत्रक. दरवर्षीचंच, पाच दिवसांची कीर्तनं, कीर्तनकार आणि तारखा बदलायच्या. म्हटलं हेच पहिलं युनिकोडमध्ये नेऊ. मजकूर कन्व्हर्टरमध्ये टाकला. देवळाच्या फोन नंबरच्या ओळीत इंग्रजी फॉन्टातलं जे जे होतं त्याचंही कन्व्हर्टरने मराठी करून टाकलं, देवस्थानचा ईमेल म्हणजे अगदी मंत्र झाला. ते दिसलं, कारण ते वाचताच येत नव्हतं. बाकीचं मला नीट वाटलं.

प्रिंट मामांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ नेला आणि लाल पेनाने पहिल्याच ओळीवर गोल केला. 'श्री शांतादुर्गा प्रसन्न'च्या जागी 'श्री शांतादुगार् प्रसन्न'. रफार एक घर पुढे जाऊन पाय मोडून पडलेला. मी ती ओळ चार वेळा वाचली होती. डोळा देवीचं नाव वाचतच नाही हो, ओळखतो. मग 'आशीवार्द', मग 'कायर्क्रम' दोनदा, असे एकूण सात गोल. मामा म्हणाले, "तुझं यंत्र रफार उचलतं, पण ठेवायचं कुठे ते त्याला सांगितलेलं नाही." आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझ्या खुर्चीवर बसून की-बोर्डकडे बघत म्हणाले, "यावर र कुठे आहे?"

सातही दुरुस्त करून पाचशे प्रती काढल्या, काल देवळात पोचल्या. आज सकाळी बंडलमधली उरलेली एक वाचत होते. तळाला, बारीक टायपात, 'तीथर्प्रसादाचा लाभ घ्यावा'. देवस्थानच्या महाजनांचा अजून फोन आलेला नाही.